पोत्यांच्या गावात

पुण्यात पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग आणि वेळ उरलाच तर सिंहगड. पाहुण्यांना घेऊन कुणी मार्केट यार्डात गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मी मात्र गेली 22 वर्षे रोज तेथे जातो, कारण तेथील भुसार विभागात एका आडत दुकानी मी दिवाणजी आहे. पूर्वी लाल खतावण्या होत्या, आता संगणक आहे. पण हाक अजून 'दिवाणजी' हीच.

स्वारगेटवरून गुलटेकडीच्या अंगाने निघालात की यार्डाचे फाटक दिसण्यापूर्वी यार्डाचा वास येतो. पाटीवर 'श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड' असे भारदस्त नाव आहे, पण रिक्षावाल्याला 'यार्डात' एवढे पुरते. एके काळी पुण्याचा भुसार व्यापार नाना पेठ-भवानी पेठेच्या बोळांतून चाले आणि भाजीचा घाऊक बाजार मंडईत भरे. ती मंडई 1886 सालची. शहर फुगत गेले, बोळांत ट्रक मावेनात, तेव्हा हा सगळा पसारा गुलटेकडीच्या मोकळ्या रानावर आला. आता ते रानही शहराच्या पोटात गेले आहे.

डोळे मिटून यार्डात हिंडलात तरी आपण कोठे आहोत हे नाक सांगते. कांदा-बटाट्याच्या बाजूला तळेगावच्या, आग्ऱ्याच्या आणि इंदूरच्या बटाट्यांचा मातकट वास, त्यात मध्य प्रदेशातल्या लसणाची फोडणी. फळबाजारात हंगामाप्रमाणे पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे. फुलबाजारात शेवंती आणि झेंडू. गुळाच्या गाळ्यांशी माश्या आणि गोडसर जडपणा. मिरचीच्या गाळ्यांपाशी ब्याडगी आणि गुंटूर यांनी एकमेकींशी संगनमत करून प्रत्येक येणाऱ्याला शिंकायला लावण्याचा विडा उचललेला. तेथले हमाल नाकातोंडावर पंचा बांधून पोती उचलतात. आणि आमच्या भुसारात गहू, ज्वारी, डाळी, तांदूळ यांची ती बारीक, पांढुरकी धूळ! सकाळी कोवळे ऊन गाळ्यात तिरपे शिरते तेव्हा ती सोन्याच्या चुऱ्यासारखी तरंगताना दिसते. अनेक वर्षे मला ती सुंदरच वाटत आली.

ह्या पोत्यांच्या गावात, यार्डाच्या मागच्या अंगाला बिबवेवाडीकडे, आमचे बिऱ्हाड आहे. माझा मुलगा येथेच वाढला. आणि त्याला दमा आहे.

हे शेवटचे वाक्य लिहिण्याइतके धैर्य यायला मला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत आम्ही काय चुकलो आणि काय शिकलो, ते दिवाळीच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. कारण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचणाऱ्या घरांपैकी कित्येकांत रात्री कुणीतरी लेकरू खोकत असेल.

* * *

चिरंजीव तीन वर्षांचे असताना खोकला सुरू झाला. दिवसा मूल धडधाकट, रात्री दोनच्या सुमारास उठून बसायचे. हसले की खोकला, धावले की खोकला; छातीला कान लावला तर आत कुणी बारीक शिट्टी वाजवत आहे असे वाटे. एका दवाखान्यात सरबतासारखी औषधाची बाटली मिळे. ती संपली की दुसरी. 'बाळदमा आहे, वाढत्या वयात जाईल' असे आम्हाला सांगण्यात आले, आणि आम्ही त्यातले 'जाईल' तेवढे लक्षात ठेवले. 'दमा' हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असा माझ्या आईचा दंडक होता. उद्या मुलाचे लग्न जमवायचे आहे, असे ती पाच वर्षांच्या नातवाकडे पाहून म्हणे.

शब्द चोरून ठेवला की उपायही चोरूनच करावे लागतात. कोजागरीच्या चांदण्यात दुधातून औषध झाले. हैदराबादला मृगाच्या दिवशी जिवंत माशाच्या तोंडून औषध देतात, तेथे जाण्याची तिकिटे काढण्यापर्यंत मजल गेली. केळी बंद, दही बंद, पेरू बंद. यार्डात राहून फळ बंद म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा बंद! खेळणे तर पहिल्यांदा बंद.

शेवटी सर्वांनी एकमुखाने निकाल दिला की दोष यार्डाच्या हवेचा. हवापालट करा. मे महिन्यात आम्ही मुलाला घेऊन कोकणात सौ.च्या मावशीकडे गेलो. समोर समुद्र, मागे पोफळी. पहिले दोन दिवस मूल खुशीत होते. तिसऱ्या रात्री त्याला असा दम लागला की चांदण्यातून तालुक्याच्या गावी न्यावे लागले. हवा शुद्ध होती यात शंका नाही. पण मावशींच्या घरी चूल होती, माजघराच्या भिंतींना ओलीची बुरशी होती, आणि पाहुण्यांसाठी पेटीच्या तळातून काढलेल्या गोधड्या होत्या. त्या गोधडीत किती प्रेम होते आणि आणखी काय काय होते, हे मला पुढे कळले. 1964 साली हॉलंडमधल्या लायडन येथील संशोधकांनी दाखवून दिले की घरातल्या धुळीत, गाद्या-उश्यांत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात, आणि पुष्कळांच्या दम्याची कळ तेच फिरवतात. माणूस जेथे झोपतो तेथे ते असतातच. हवापालट करताना आम्ही यार्ड मागे ठेवले होते, कारण मात्र जेथे गेलो तेथे आयते मांडून ठेवलेले होते.

* * *

पुण्यात परतल्यावर बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, घराण्यात कुणाला दमा, इसब, सर्दी-शिंकांचा त्रास आहे का ते विचारले. माझ्या वडिलांना होता. 'लहान मुलांना घरघर झाली की प्रत्येक वेळी तो दमाच असतो असे नाही,' त्या म्हणाल्या, 'पण पुन्हा पुन्हा होते, रात्री होते, हसता-धावताना होते आणि औषधाने मोकळी होते, तेव्हा त्याला दमाच म्हणावे.' मी यार्डात काम करतो हे कळल्यावर त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावले.

'तुमच्या यार्डातला एखादा रस्ता डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंच्या भिंती फुगून आत आल्या, वरून कुणी दोर आवळल्यासारखा रस्ताच आखडला, आणि मध्ये चिखल झाला, तर काय होईल?'

'माल अडेल,' मी म्हणालो.

'आत आलेला माल बाहेर पडणार नाही. दम्यात तसेच होते. श्वासनळ्यांना आतून सूज असते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. श्वास घेण्यापेक्षा सोडणे कठीण होते, म्हणून ती शिट्टी.'

मग त्यांनी दोन पंप टेबलावर ठेवले. एक आवळलेला स्नायू चटकन सैल करणारा. तो अडचणीच्या वेळचा. दुसरा भिंतींची सूज हळूहळू उतरवणारा, तो रोजचा. पहिल्याचे काम पाच-दहा मिनिटांत दिसते म्हणून लोकांना तोच खरा वाटतो. दुसऱ्याचे काम दिसतच नाही, म्हणून तो लोक सोडून देतात.

पंप म्हटल्यावर सौ.चा चेहरा उतरला. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, असे आम्ही ऐकून होतो. त्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेत जॉर्ज मेसन म्हणून एका औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या 13 वर्षांच्या मुलीला, सूझीला, दमा होता. काचेच्या फुग्याने औषध ओढून ती कंटाळली होती. 1955 साली तिने वडिलांना विचारले, केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, तसे माझे औषध का मिळू नये? वडील कामाला लागले आणि 1956 साली पहिला मोजून फवारा सोडणारा पंप बाजारात आला. आपल्याकडे सिप्ला कंपनीने 1976 साली दम्याचे फवारे आणले. म्हणजे ज्याला आपण शेवटची पायरी समजतो ती वस्तू एका मुलीने बापाजवळ धरलेल्या हट्टातून जन्मली आहे!

राहिला प्रश्न स्टेरॉइडचा. तोही त्यांनी वजनाच्या भाषेतच सोडवला. गोळी पोटात जाऊन सर्व अंगभर फिरते, तिचे माप मिलिग्रॅमचे. पंपातून औषध थेट श्वासनळीत पडते, त्याचे माप मायक्रोग्रॅमचे. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. क्विंटलाच्या मालाला आणि मसाल्याच्या चिमटीला एकच नाव असले म्हणून त्यांचा भार एक होत नाही. रोजच्या पंपाने उंचीत सुमारे सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, हेही त्यांनी लपवले नाही. पण रात्र-रात्र न झोपणारे, न खेळणारे मूल काय वाढते, असे विचारून त्या थांबल्या.

पंप तोंडात नुसता मारायचा नसतो, हेही आम्हाला त्या दिवशी कळले. पंप हलवायचा, स्पेसर नावाच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला लावायचा, एकदाच दाबायचा आणि मुलाने त्यातून सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. दुसरा फवारा हवा असेल तर पुन्हा हलवून पहिल्यापासून. अगदी लहान मुलांना त्याला मास्क जोडावा लागतो. स्पेसर नसला तर बरेचसे औषध घशातच आपटते. रोजचा पंप झाल्यावर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्यायचा.

* * *

महिन्या-दीड महिन्यात शिट्टी थांबली. मूल रात्रभर झोपू लागले, आम्हीही. जून गेला, जुलै गेला, गणपती आले आणि गेले. आणि मग आम्ही तेच केले जे बहुतेक आईबाप करतात. मूल बरे आहे, मग औषध कशाला? डॉक्टरांना न विचारता, एकमेकांशीही फारसे न बोलता, आम्ही रोजचा पंप बंद केला. रस्ता स्वच्छ दिसतो म्हणून झाडूवाल्यालाच कामावरून काढावे, तसे झाले.

दसऱ्याची आदली रात्र होती. त्या रात्री यार्डात पाऊल ठेवायला जागा नसते. झेंडूचे ट्रक आणि टेम्पो फाटकापासून थेट बाहेरच्या रस्त्यापर्यंत उभे होते. पावसाळी सर्दीने मुलाचे नाक चार दिवसांपासून वाहत होते. मी अकराला घरी आलो, तो जागा होता, धावत येऊन गळ्यात पडला. दोनला सौ.ने मला उठवले. मूल अंथरुणात बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत जात होता, बरगड्या मोजता येत होत्या. 'बाबा, पाणी द्या' एवढे तीन शब्द त्याला एका दमात म्हणता येत नव्हते.

अडचणीचा पंप कपाटात होता, पण त्यात औषध उरले आहे की नाही हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. तो रिकामा होता.

रिक्षा निघाली ती यार्डाच्या कोपऱ्यावर अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये हातगाड्या. मी खाली उतरून ओरडलो. आमच्या गाळ्यावरचे एक वयस्कर हमाल, ज्यांना सारे 'मामा' म्हणतात, तेथेच गाडी उतरवत होते. त्यांनी मुलाकडे एकदाच पाहिले. पुढे मी पाहिले ते एवढेच की दहा-बारा माणसे हातांनी गाड्या उचलून बाजूला ठेवत आहेत, झेंडूचे क्रेट पदपथावर जात आहेत, आणि रिक्षापुढे रस्ता होत आहे. कुणी कुणाला काही विचारले नाही.

रुग्णालयात प्राणवायू लागला, वाफेतून औषध सुरू झाले. पहाटे त्याच्या ओठांवर रंग आला. सकाळी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, 'रोजचा पंप चालू आहे ना?' आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दसऱ्याला आमच्या दाराला तोरण लागले नाही.

त्या रात्रीने शिकवलेले येथेच सांगून टाकतो. मुलाला बोलताना दम लागत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, मूल गळून झोपाळू झाले असेल, किंवा अडचणीचा पंप देऊनही आराम पडत नसेल अथवा पडलेला टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मुलाला आडवे करू नये, बसते ठेवावे, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून एकेक फवारा देत राहावे आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. आणि ही योजना आधी, शांत वेळी, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी. आमच्याकडे ती फ्रिजवर चिकटवलेली आहे. तिची एक प्रत शाळेत बाईंकडे आहे, आणि एक पंप दप्तरात.

* * *

रुग्णालयातून आल्यावर मी माझ्या धंद्याचे तेवढे केले. एक जुनी खतावणी काढली आणि तीत मुलाच्या श्वासाचे खाते उघडले. डॉक्टरांनी फुंकून मोजायचे एक छोटे यंत्र दिले होते. उभे राहून पूर्ण श्वास भरायचा आणि एकदम जोराने फुंकायचा; तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. मूल ठणठणीत असताना येणारा सर्वांत चांगला आकडा हा आपला मूळ भाव. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असेल तर हिरवे. 80 ते 50 पिवळे, सावध. 50 च्या खाली लाल. मी रकाने पाडले: तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, खोकला कधी, कोठे गेला, काय खाल्ले, कसला वास आला.

वहीने आमचे पुष्कळ सिद्धांत मोडून काढले. केळ्याच्या आणि दह्याच्या नावावर तीन महिन्यांत एकही नोंद पडली नाही. माझ्या आईने मोठ्या मनाने ती दोन्ही माफ केली. मिरचीचे नाव जेमतेम दोनदा आले. सर्दीचे नाव वारंवार आले. डासांसाठी आम्ही लावत असलेल्या कॉइलचे आले. अशी एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण सोडते तितके 75 ते 137 सिगारेटींतून निघतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे. आम्ही ती मुलाच्या उशाशी लावत होतो! कॉइल गेली, मच्छरदाणी आली. शाळेच्या वाटेवरल्या मोकळ्या प्लॉटांत पावसानंतर माजणाऱ्या गाजर गवताचेही नाव आले. त्या गवताचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे. 1955 च्या सुमारास त्याची येथे नोंद झाली, आणि परदेशी गव्हाबरोबर ते आले असे लोक मानत आले आहेत. म्हणजे तेही आमच्या भुसाराचेच पाप म्हणायचे.

पण एक गोष्ट मला उलगडेना. संध्याकाळी आठनंतर खोकल्याची नोंद जवळजवळ रोज होती. सुटली होती ती फक्त रविवारी. भुसार रविवारी बंद असतो. मी म्हणालो, 'रविवारी यार्डात धूळ कमी, म्हणून असेल.'

सौ. वही चाळत होती. ती म्हणाली, 'रविवारी भाजीबाजार सर्वांत मोठा भरतो. शंभर-शंभर ट्रक येतात. धूळ कमी कशी?'

'मग?'

'रविवारी तुम्ही घरी असता. इतर दिवशी तुम्ही आठला घरी येता.'

मी काही बोललो नाही. रोज आठला दार वाजले की तो धावत येई आणि माझ्या सदऱ्यात तोंड खुपसे. दिवसभर त्या सदऱ्यावर गव्हाची, डाळीची, बारदानाची धूळ बसलेली असे. जुन्या धान्यात पोरकिडे असतात, बुरशी असते, त्यांचा भुगा त्या धुळीत असतो. ज्या सोन्याच्या चुऱ्याचे मला कौतुक वाटे, तो मी रोज स्वतःच्या अंगावरून घरी आणत होतो.

धान्याच्या धुळीची ताकद केवढी असते, ते पुढे वाचनात आले. स्पेनमधील बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात 26 दिवस असे उगवले की शेकडो माणसे एकाएकी दम लागून रुग्णालयांत धावली, काही दगावली. कारण कुणाला कळेना. अखेर डॉक्टरांनी आमच्यासारखीच वही मांडली. एका बाजूला दम्याचे दिवस, दुसऱ्या बाजूला बंदरात उतरलेल्या मालाचे दिवस. मेळ सोयाबीनशी बसला. बोटीतून कोठारात सोयाबीन उतरताना उडालेली धूळ वारा शहरात नेत होता. कोठारांना धूळ अडवणारे गाळे, म्हणजे फिल्टर, बसवल्यावर त्या साथी थांबल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बार्सिलोनाने बंदर हलवले नाही आणि सोयाबीनही बंद केले नाही. धूळ कोठून निसटते ते शोधले आणि तेथे अडवली.

आम्हीही यार्ड सोडले नाही. माझे कपडे आता गाळ्यातच बदलतात. शेठजींनी मागल्या बाजूला एक खुंटी आणि नळ दिला. घरी आलो की आधी मोरी, मग मुलगा. पहिले काही दिवस दारातून त्याला 'थांब' म्हणताना जीव तुटे. आता तोच घड्याळ लावून दाराशी उभा राहतो आणि पंचा पुढे करतो. गाद्या-उश्यांना घट्ट विणीचे अभ्रे आले, चादरी आठवड्याला कढत पाण्यातून निघतात, घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसले जाते. रोजचा पंप रोज घेतला जातो. तो कमी करायचा की थांबवायचा, हे वही पाहून डॉक्टर ठरवतात, आम्ही नाही.

* * *

मग एके रविवारी चिरंजीव म्हणाले, 'बाबा, मला यार्ड दाखवा.'

यार्डाच्या कुशीत वाढलेल्या मुलाने ते पाहिलेले नव्हते. आम्ही त्याला त्या फाटकापासून राक्षसाच्या गुहेसारखे दूर ठेवले होते. डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, 'आकडा हिरवा असेल, पंप खिशात असेल आणि धुरळ्यात उगाच थांबणार नसाल, तर न्या. दमा असलेल्या मुलाने सगळे करायचे असते. त्याने काय करायचे ते दम्याने ठरवायचे नसते.'

सकाळी सातला आम्ही निघालो. मिरचीच्या बाजूला वळायचे नाही, ट्रकच्या धुराशी रेंगाळायचे नाही, एवढे दोन नियम. त्याने साताऱ्याच्या आल्याचा वास घेतला. सीताफळाच्या पाटीशी उभे राहून पुरंदर कोठे आहे ते विचारले. शेतकरी पट्टी हातात घेऊन आकडे पुन्हा पुन्हा का वाचतो, तेही विचारले. त्याचे खरे उत्तर देणे मला जड गेले. फुलबाजाराच्या तोंडाशी तो थबकला. 'ती रात्र येथेच ना?' मी मान हलवली.

हमाल भवनाजवळ मामा भेटले. डॉ. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीचे ते जुने सभासद. पंचायतीची 'कष्टाची भाकर' 1974 साली सुरू झाली, तेव्हापासूनच्या गोष्टी त्यांच्याकडे ऐकाव्यात. मुलाला पाहताच त्यांनी हातातली बिडी चुलीकडे पाहावे तसे पाहून विझवली. 'ह्याच्यासमोर नको,' म्हणाले. मग थोडे थांबून, 'तसा मलाही रात्री दम लागतोच की.' मुलाने खिशातून फुंकायचे यंत्र काढून त्यांना दाखवले आणि डॉक्टरांकडे जायला बजावले. पन्नास वर्षे पाठीवर पोते वाहिलेला माणूस नऊ वर्षांच्या पोरापुढे मान डोलवत उभा होता. ते तपासून आले आहेत. बिडी अजून पुरती सुटलेली नाही, पण मोजून झाली आहे.

तेव्हापासून आमचा रविवार ठरला आहे. मामा लांबूनच हाक देतात, 'काय शेठ, आज भाव काय?'

'220!' हे सकाळचा आकडा सांगतात. मूळ भाव आहे 240.

'तेजी आहे म्हणायची!'

* * *

आता दिवाळी आली आहे. दि पूना मर्चंट्स चेंबरच्या ना नफा ना तोटा तत्त्वावरच्या लाडू-चिवड्याचा दरवळ यार्डात आहे, आणि लक्ष्मीपूजनाला गाळ्यागाळ्यांतून माळा लागतील. आमच्या घरी फटाक्यांचा निकाल चिरंजीवांनीच लावला, तोही वाचून. 2016 साली पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर सहा लोकप्रिय फटाक्यांचा धूर मोजला. मोठ्या आवाजाच्या माळेचा धूर सर्वांत जास्त असेल असे कुणालाही वाटेल. पहिला नंबर लागला तो लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिल्या जाणाऱ्या नागगोळीचा. तिच्या धुरात सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटर हवेत 64,500 मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या सरासरीला 15 पुरे म्हणते. फुलबाजीही त्या यादीत भुईचक्राच्या वर होती. म्हणजे जे फटाके 'लहानांचे' म्हणून आपण आणतो, ते आवाजाने लहान आहेत एवढेच.

तेव्हा यंदा पणत्या, आकाशकंदील आणि किल्ला. शेजारच्यांना सांगून ठेवले आहे. त्यांनी ऐकले तर उपकार, नाही तर दोन तास खिडक्या बंद आणि पंप हाताशी. भांडण करून दिवाळी गोड होत नाही.

लक्ष्मीपूजनाला शेठजींच्या गाळ्यावर नवी वही पूजली जाते. संगणक आला तरी ती एक वही उरली आहे. यंदा मी दोन आणल्या आहेत. दुसरीवर चिरंजीवांनी स्वतःच्या अक्षरात 'श्री' काढला, खाली स्वस्तिक काढले आणि रकाने पाडले. 'कसला वास आला' हा रकाना त्यांनी जरा रुंद ठेवला आहे. मी कारण विचारले.

'बाबा, सगळेच वास काही वाईट नसतात,' ते म्हणाले. 'आले, सीताफळ, चिवडा, हेपण लिहायचे आहेत.'

दिवाणजीच्या पोराला हिशेब बरोबर कळला आहे. खात्याला खर्चाची बाजू असते, तशी जमेचीही असते. ती लिहायची आमच्याकडून चार वर्षे राहून गेली होती.